पंचेचाळीस मिनिटांचं गाणं

कराडच्या एसटी स्टँडवर मोरेश्वर थोरातांनी तेहतीस वर्षं काढली, त्यातली बावीस वाहतूक नियंत्रक म्हणून. काचेच्या खोलीत माइकसमोर बसायचं, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागलीय ते पुकारायचं आणि वेळ झाली की ती सोडायची. ड्रायव्हर चहा पीत असला तर त्याला कपासकट उठवायचं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्या अंगातलं घड्याळ काही बंद पडलं नव्हतं. सव्वाबाराचं जेवण साडेबाराला आलं तर ते रागवायचे नाहीत, पण ताटाकडे उशिरा आलेल्या गाडीसारखं बघायचे.

सनीव्हेलला मुलीकडे, निधीकडे, येऊन त्यांना दोन महिने झाले होते. बायको सुमित्राबाई अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला एडिसनला, सुनेच्या बाळंतपणासाठी मुलाकडे. बाळंतिणीच्या घरात आपलं काय काम, म्हणून मोरेश्वरांनी कॅलिफोर्निया निवडला. इथे जावई अनीश कंपनीच्या शटलने जायचा तो कधी उगवेल याचा नेम नसे. निधीचे कॉल्स सकाळी सहालाही असत आणि रात्रीच्या भांड्यांच्या वेळीही. वेळ सांगण्यासारखं कोणीच नव्हतं. मोरेश्वर दुपारी दोनला फिरायला निघत, ठरलेल्या चार रस्त्यांवरून पंचेचाळीस मिनिटांत परत येत आणि दाराशी घड्याळ बघून स्वतःशीच मान हलवत.

जूनमधल्या एका शनिवारी हा क्रम मोडला. अपार्टमेंटच्या मागच्या गल्लीत जुनी बैठी घरं होती. त्यातल्या एकाचं गॅरेज सताड उघडं होतं आणि आत चार म्हातारी माणसं बँड वाजवत होती. गिटारवाला उंच, पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला. ड्रम्सवर एक बारीक चणीची बाई, नाकावर चष्मा. एक माणूस बेस गिटार घेऊन कोपऱ्यात, आणि ऑर्गनमागे एका टोपीखेरीज काही दिसत नव्हतं.

मोरेश्वरांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण सुरू झालेली गोष्ट अर्धवट सोडून निघून जाणं त्यांना कधी जमलंच नाही. हे एवढं संपू दे, मग निघू, म्हणून ते फुटपाथवर उभे राहिले. गिटारवाल्यानं दोन कडवी म्हटली, मग गाणं थांबलं आणि नुसतं वाजवणं सुरू झालं. आता संपेल, असं तीनदा वाटलं. तिन्ही वेळा त्या लोकांनी भलतंच वळण घेतलं. सदतीस मिनिटं झाली तेव्हा बेसवाला हात झटकत थांबला, मग ऑर्गन थांबला, मग गिटार, आणि शेवटी ती बाई एकटीच थोडा वेळ वाजवत राहून थांबली. सरकारी कचेरीतून पाचनंतर माणसं एकेक करून पांगतात, तसं ते गाणं संपलं.

गिटारवाल्याचं लक्ष फुटपाथवर गेलं. "सॉरी, आवाज फार होतोय का?"

"नाही," मोरेश्वर म्हणाले. त्यांचं इंग्रजी डेपोच्या परिपत्रकांवर पोसलेलं होतं, थोडं ताठ पण पक्कं. "मी संपायची वाट बघत होतो."

त्यावर ड्रम्सवाली बाई इतकी हसली की तिच्या हातातली एक काठी खाली पडली. "आम्ही पण," ती म्हणाली.

गिटारवाल्याचं नाव डेनिस, वय सत्याहत्तर. बाईचं नाव ज्युडी. तिनं पुढे होऊन मोरेश्वरांसाठी घडीची खुर्ची उलगडली आणि त्या दुपारी ते पाच वाजता घरी पोचले. निधीचे तोवर दोन मैत्रिणींना फोन करून झाले होते.

"बाबा, होतात कुठे तुम्ही? फोन का नाही उचलला?"

"गाण्याला बसलो होतो," ते म्हणाले. निधीनं अनीशकडे बघितलं, अनीशनं निधीकडे.

रात्री जेवताना अनीशनं समजावून सांगितलं. "त्याला जॅम म्हणतात, बाबा. हिप्पींच्या जमान्यात इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास हेच चालायचं. एक गाणं सुरू करायचं आणि मग ठरलेलं काही नाही. एकमेकांचं ऐकत जे सुचेल ते वाजवत जायचं, पाऊण तास म्हणा, तास म्हणा. मग फिरून मूळ गाण्यावर यायचं."

"हे येत नाहीत," मोरेश्वर म्हणाले. "जातात, पण येत नाहीत."

पुढच्या शनिवारी दोन वाजता ते त्या खुर्चीवर हजर होते. बँडचं नाव होतं 'द स्लो पोस्टमेन'. एकाहत्तर साली चार-पाच जणांनी मिळून काढलेला. नाव झालं नाही, रेकॉर्ड निघाली नाही, पण तीन उन्हाळे ते बागांमधून, कॉलेजांच्या हिरवळींवर वाजवत हिंडले होते. त्यांचं एकच गाणं लोकांना माहीत होतं, 'ॲप्रिकॉट रोड'. सनीव्हेलमध्ये कॉम्प्युटर चिप्सच्या कंपन्या येण्याआधी जर्दाळूच्या बागा होत्या, त्यांतून जाणाऱ्या रस्त्याचं गाणं. दोन कडवी म्हणून झाली की बँड त्या रस्त्यावरून जो निघायचा तो कधीकधी दीड तासानं परतायचा.

"लोक गवतावर पडून असायचे," डेनिस सांगत होता. "कोणी झोपायचं, कोणी नाचायचं, कोणी जाऊन जेवून यायचं. आम्ही अजून वाजवतच असायचो. पुढच्या मिनिटाला काय वाजणार हे आम्हालाही माहीत नसायचं, आणि लोक त्यासाठीच यायचे, मो."

मोरेश्वरचं 'मो' पहिल्याच दिवशी झालं होतं. कराडात कोणी असं म्हटलं असतं तर त्याची गाडी पुकारताना मोरेश्वरांनी दोनदा विचार केला असता. इथे त्यांनी ते चालवून घेतलं.

"मग परत कसे यायचात?"

"रे आणायचा." रे म्हणजे त्यांचा जुना बेसवाला. वाजवता वाजवता त्याला आतून कळायचं की आता फिरायला हवं. तो गिटारची मान जराशी वर उचलायचा आणि सगळे त्याच्यामागून मूळ सुरावर उतरायचे. रे चार वर्षांपूर्वी मुलीजवळ ॲरिझोनाला राहायला गेला. नवा बेसवाला निवृत्त दंतवैद्य होता, भला माणूस. पण तो बाकीच्यांच्या मागून जायचा आणि बाकीचे त्याच्या मागून.

एरवी हे चाललं असतं. पण ऑगस्टमध्ये पार्कात गावाचा उन्हाळी महोत्सव होता आणि तिथे बँडला पंचेचाळीस मिनिटं मिळाली होती. गेल्या वर्षीही मिळाली होती. तेव्हा ते एक तास वीस मिनिटं वाजवत राहिले आणि शेवटी आयोजकांना वीज बंद करावी लागली. या वर्षी आयोजक मुलीनं फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं की पुन्हा तसं झालं तर पुढच्या वर्षी बोलावणं नाही.

"हे शेवटचंच असणार," ज्युडी मनगट चोळत म्हणाली. तिच्या मनगटात संधिवात होता. वाजवून झालं की ती दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात बुडवून बसायची. "पण ते वीज गेल्यावर संपू नये एवढंच."

 पुढचे तीन शनिवार मोरेश्वर खिशातली छोटी वही गुडघ्यावर ठेवून बसले. गाण्यातलं कळत नसलं तरी गाडी यायच्या आधी स्टँडवर काय काय हलतं हे त्यांना कळत होतं. हमाल बिड्या विझवतात, पोरं टोपल्या उचलतात, कुत्री उठून बाजूला होतात. तसं इथेही होतं. डेनिस एकाच तारेवर परत परत यायला लागायचा. टोपीवाला डावा हात ऑर्गनवरून काढून मांडीवर ठेवायचा. आणि ज्युडी मोठ्या झांजेकडे किंचित झुकायची. या तीन गोष्टी दोन मिनिटांच्या आत झाल्या की चौघं मूळ सुराच्या अगदी दाराशी आलेले असत. फक्त कोणी कडी वाजवत नसे, आणि मग ते तसेच पुढे निघून जात.

चौथ्या शनिवारी वाजवणं चालू असताना मोरेश्वर खुर्चीवरून उठले आणि डावा हात सरळ वर केला, रस्त्यातून येणारी गाडी थांबवावी तसा. डेनिसनं चकित होऊन बघितलं, पण त्याची बोटं आपोआप 'ॲप्रिकॉट रोड'च्या पहिल्या ओळीवर गेली. बाकीचे तिघे तिथे आधीच होते. चौघांनी एकदम, एका दमात शेवट केला.

"हे तू कसं केलंस?" ज्युडीनं विचारलं.

"तुम्ही आलाच होता," मोरेश्वर म्हणाले. "मी फक्त फलाट दाखवला."

त्या रात्री एडिसनला फोन लावून त्यांनी सुमित्राबाईंना सगळं सांगितलं. नातीच्या मालिशीबद्दल सांगायचं ठेवून त्या ऐकत राहिल्या.

"म्हणजे तुम्हाला नोकरी लागली म्हणा की," त्या म्हणाल्या.

"बिनपगारी."

"असू दे. आवाज बरा येतोय तुमचा."

महोत्सवाच्या दिवशी लख्ख ऊन होतं. पार्कातल्या हिरवळीवर लोकांनी चादरी अंथरल्या होत्या, एका बाजूला टाको आणि लिंबू सरबताच्या गाड्या होत्या. अनीश आणि निधी सगळ्यात पुढे चटई टाकून बसले. मोरेश्वर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्टेजच्या डाव्या कडेला उभे राहिले, चौघांनाही दिसतील असे. ठरलं होतं ते असं: तीनला सुरुवात, एक छोटं गाणं, मग 'ॲप्रिकॉट रोड'. तीन अडतीसनंतर जी पहिली संधी मिळेल तिला हात वर. तीन पंचेचाळीसला स्टेज मोकळं.

स्टेजच्या मागे पुढचा कार्यक्रम तयार उभा होता. स्थानिक मराठी शाळेची बावीस मुलं, डोक्याला फेटे, हातात लेझीम. त्यांना बसवणारी नीना नागपूरची. ती लॅपटॉप काखेत धरून मुलांना रांगेत उभं करत होती आणि मुलं इंग्रजीत तक्रारी करत होती.

छोटं गाणं पाच मिनिटांत झालं. 'ॲप्रिकॉट रोड' सुरू झालं, दोन कडवी झाली, आणि बँड निघाला.

पहिली दहा मिनिटं मोरेश्वरांना ओळखीची वाटली. मग हळूहळू ओळख सुटत गेली. गॅरेजात डेनिस वाजवताना सारखा पुढचा विचार करायचा, ते त्याच्या कपाळावर दिसायचं. आज कपाळ कोरं होतं. तो एक लहानसा सूर वाजवून थांबला, ऑर्गननं तो उचलला, उलटा करून परत दिला, आणि दंतवैद्य, जो कधी कोणाच्या पुढे गेला नव्हता, तो खालून चढत चढत दोघांच्या मधे येऊन उभा राहिला. मागे ज्युडी डोळे मिटून वाजवत होती. तिचे डोळे मिटलेले मोरेश्वरांनी कधी पाहिले नव्हते. चादरींवरची माणसं बोलायची थांबली. सरबताच्या गाडीतला माणूस खाली उतरून उभा राहिला.

तीन अडतीस झाले. डेनिस एकाच तारेवर घुटमळायला लागला. टोपीवाल्यानं डावा हात मांडीवर घेतला. मोरेश्वरांनी हात कोपरापर्यंत उचलला आणि ज्युडीकडे बघितलं. ती झांजेकडे झुकली नव्हती. ती कुठेच झुकली नव्हती, ताठ बसून जिथे होती तिथूनच आणखी आत चालली होती. हात वर केला असता तर ती आली असती. शिस्तीची बाई होती ती. पण घाटात मधेच गाडी उभी करून माणसांना उतरवावं तसं ते झालं असतं, आणि तेहतीस वर्षांत मोरेश्वरांनी ते एकदाही कोणाला करू दिलं नव्हतं.

त्यांनी हात खाली घेतला. डेनिसनं ते बघितलं आणि तो हसला.

तीन पंचेचाळीसला आयोजक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. "सर, वेळ संपली. त्यांना थांबवायचं तुमच्याकडे आहे ना?"

"आहे," मोरेश्वर म्हणाले. "पाच मिनिटं."

"पाच मिनिटांनी मी वीज बंद करीन. मुलं ताटकळलीयत."

मोरेश्वरांनी मागे वळून बघितलं. एका फलाटावर एक गाडी उभी आणि तिच्यामागे दुसरी येऊन लागलेली, हा प्रसंग त्यांच्यावर दर दिवाळीत आला होता. पुढची हलवता येत नसेल तर मागचीचे प्रवासी चालत पुढे आणायचे. ते झपाझप नीनाकडे गेले.

"पोरी, मुलं आत्ता नाचतील का? स्टेजवर नको. समोर गवतावर."

"कशावर, काका? आमचा ट्रॅक लॅपटॉपवर आहे."

"हे चाललंय त्यावर."

नीनानं स्टेजकडे बघितलं. "ह्याच्यावर? ह्याला तर सुरुवात-शेवट काही नाहीये."

"तू शाळेत लेझीम कशावर खेळायचीस? ट्रॅक होता?"

"नाही, सर नुसतं एक-दोन-तीन-चार ओरडायचे."

"ती बाई पायानं एक-दोन-तीन-चारच वाजवतेय. नीट ऐक खालून. मी हात करीन तेव्हा पहिलं पाऊल."

नीना ऐकत उभी राहिली. तिची मान हलायला लागली. "चार ठोक्यांची लेझीम घेऊ, सगळ्यात सोपी," ती स्वतःशीच म्हणाली आणि लॅपटॉप जवळच्या एका आईच्या हातात कोंबला. ती आई म्हणत होती की आपण तीन महिने त्या ट्रॅकवर प्रॅक्टिस केलीय, पण तोवर रांग निघालीसुद्धा होती.

बावीस मुलं स्टेजच्या पुढे गवतावर येऊन उभी राहिली. मोरेश्वर त्यांच्यासमोर, बँडकडे पाठ करून. त्यांनी हात वर केला आणि थांबले. ज्युडीच्या पायाचा ठोका त्यांच्या छातीत येत होता. एक गेला, दुसरा गेला, आणि पुढच्याला त्यांनी हात खाली आणला.

पहिल्या फेरीत निम्मी मुलं चुकली. सिया नावाची एक मुलगी उलट्या दिशेला गेली आणि शेजारणीवर आपटली. दुसऱ्या फेरीत सहासात जण उरले चुकायचे. तिसऱ्या फेरीला बावीस लेझिमा एकदम वाजल्या, छन् करून, आणि ज्युडीनं डोळे उघडले.

तिनं समोर काय दिसतंय ते बघितलं, मान एका बाजूला कलती केली आणि तो झणत्कार आपल्या दोन ठोक्यांच्या मधे घेतला. डेनिस मागे सरला, गिटारचा आवाज उतरवला आणि मुलांच्या पावलांएवढे छोटे छोटे तुकडे वाजवायला लागला. नीनानं पवित्रा बदलला, बँड बदलला. बँडनं वेग वाढवला, मुलं धापा टाकत त्याच्यामागे. चादरींवरून माणसं उठली. एक आजोबा बूट काढून गवतात नाचू लागले, आणि साडी नेसलेल्या दोन मावश्या सरबताचे ग्लास सांभाळत त्यांना सामील झाल्या. आयोजक मुलगी वॉकीटॉकी तोंडाशी धरून उभी होती, पण त्यात काही बोलत नव्हती.

चार वाजून बारा मिनिटांनी मुलांचा दम संपला. नीनानं शेवटचा पवित्रा ओरडून सांगितला, मुलांनी लेझिमा डोक्यावर धरल्या, आणि ज्युडीनं दोन्ही काठ्यांनी एकच घाव घातला. सगळं थांबलं. 'ॲप्रिकॉट रोड'ची पहिली ओळ कोणी वाजवलीच नव्हती.

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. डेनिस स्टेजच्या पायऱ्या हळूहळू उतरून आला, शर्ट घामानं चिकटलेला. "मो, तू हात खाली का घेतलास?"

मोरेश्वरांनी थोडा विचार केला. "मी आयुष्यभर गाड्या सोडल्या," ते म्हणाले. "बसलो कधीच नाही. ड्यूटीवर असायचो. आज पहिल्यांदा वाटलं, बघू कुठे जाते."

डेनिसनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच राहू दिला. ज्युडीला निधीनं बर्फाच्या पाण्याची बादली आणून दिली. सरबताच्या गाडीवाल्याचा बर्फ होता तो. ज्युडी त्यात हात बुडवून बसली आणि सिया तिच्यासमोर लेझीम धरून ती उघडायची कशी, मिटायची कशी हे इंग्रजीत समजावत होती. बादलीतून हात काढून ज्युडीनं ती घेतली, एकदा वाजवली, आणि 'हे माझ्या मनगटाला झेपेल' असं म्हणून परत करायचं विसरली.

आयोजक मुलगी सगळ्यात शेवटी आली. तिनं आवाज कडक ठेवायचा प्रयत्न केला. सत्तावीस मिनिटं उशीर. पुढचे दोन कार्यक्रम सरकले. तिच्या साहेबांचे तीन फोन येऊन गेले.

"कळलं," डेनिस म्हणाला. "पुढच्या वर्षी नाही."

"पुढच्या वर्षी आहे," ती म्हणाली. "पण सगळ्यात शेवटी. तुमच्यानंतर कोणालाच ठेवणार नाही मी. काय वाजवायचं ते वाजवा." मग ती मोरेश्वरांकडे वळली. "आणि सर, तुम्ही मला पाच मिनिटं म्हणाला होता."

"हो, चुकलंच ते," मोरेश्वर म्हणाले, आणि ते इतक्या प्रामाणिकपणे म्हणाले की तिला हसू आवरलं नाही.

घरी जाताना गाडी निधी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर तिनं आरशातून मागे बघितलं. मोरेश्वर खिडकीवर बोटांनी ठोका धरून बाहेर बघत होते.

"बाबा, ऑक्टोबरचं तिकीट आहे तुमचं. आई म्हणत होती, नात तीन महिन्यांची झाली की तीही इकडे येईल थोडे दिवस. पुढे ढकलू का दोघांचं?"

"किती?"

"तुम्ही सांगा ना."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हळूच हॉर्न दिला.

"बघू," मोरेश्वर म्हणाले. "आधी तिला येऊ दे. तुझ्या आईला ड्रम्सच्या जवळ बसवलं तर किती वेळ बसते ते बघायचंय मला."